जॅमची जोडी जमवताना : बांधावरची फळे, घरची साखर आणि बाटलीतला भरवसा



गळीत हंगाम सुरू झाला की आपले सगळे लक्ष तोडीच्या पाळीकडे, टोळीकडे आणि वजनाच्या पावतीकडे लागते. नेमक्या याच दिवसांत बांधावरचा पेरू झाडाखाली पडून सडतो, पपई चार दिवसांत पिकून मऊ होते आणि बाजारात न्यावी तर गाडीभाडेही सुटत नाही. दुसरीकडे सभासदाची साखर घरात आलेली असते. फळ आपले, साखर आपल्याच उसाची. या दोन्हींचा मेळ घालून चांगला जॅम कसा करावा, कोणत्या फळाला कशाची जोड द्यावी आणि तो बाटलीत कसा भरावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

वेगळ्या चवीची जोडी म्हटली की काही जणांना ते शहरी खूळ वाटते. तसे मुळीच नाही. चिंचेला गूळ, कवठाला गूळ आणि जिरे, साखरांब्याला वेलदोडा, पेरूच्या फोडीला तिखट-मीठ ही सगळी जोड आपल्या आयाबायांनीच बसवली. मात्र चटणी आज करून उद्या संपते. जॅम महिनोन् महिने टिकवायचा असतो. म्हणून जॅममध्ये जोडी केवळ जिभेसाठी बसवून चालत नाही. एका फळात जे कमी आहे ते दुसऱ्याने भरून काढले पाहिजे, हे सूत्र एकदा ध्यानात आले की कृती पाठ करावी लागत नाही.

जॅम घट्ट होतो तो कशाने?

तीन गोष्टी लागतात : पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन म्हणजे फळातला चिकट पदार्थ. त्याचे जाळे बनते व त्यात पाक अडकून राहतो. आंबटपणा नसेल तर हे जाळे धरतच नाही. आणि साखर पाणी ओढून घेते, म्हणून जाळे घट्ट बसते व बुरशीला वाढायला मोकळे पाणी मिळत नाही.

आता आपली फळे पाहू. पेरू, कवठ आणि करवंद यांत पेक्टिन भरपूर. त्यांतले कवठ आणि करवंद आंबटही असते, पेरू मात्र पिकला की आंबटपणात कमी पडतो. पपई आणि पिकलेले अंजीर गोड खरे, पण त्यांत आंबटपणा फारच थोडा. स्ट्रॉबेरीला रंग आणि वास उत्तम, पण पेक्टिन कमी. लिंबाच्या रसात आंबटपणा आहेच, शिवाय त्याच्या पांढऱ्या सालीत आणि बियांत पेक्टिनही असते. कोणाला कोणाची गरज आहे, हे एवढ्यावरूनच कळून येते.

करून पाहण्याजोग्या चार जोड्या

प्रत्येक वेळी एकूण गर १ किलो धरला आहे.

१) पेरू आणि मिरी. पिकलेले पण कडक पेरू चिरून थोड्या पाण्यात शिजवावेत व चाळणीवर घासून बी काढावे. गर १ किलो, साखर ७५० ग्रॅम, ३-४ कागदी लिंबांचा रस. शेवटी पाव चमचा मिरपूड. मिरीऐवजी सुक्या लाल मिरचीची पूडही चालते.

२) पपई, कवठ आणि जिरे. पूर्ण पिकलेल्या पपईचा गर ८०० ग्रॅम, गरम पाण्यात कालवून गाळलेला कवठाचा गर २०० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, चांगला गूळ १५० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड ५ ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा. महाशिवरात्रीच्या सुमारास कवठे मिळतात, तेव्हा हा बेत करावा.

३) अंजीर, लिंबू आणि सुंठ. पुरंदर तालुक्यातील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ताजे अंजीर फार नाजूक, एक-दोन दिवसांत ढिले पडते. गर १ किलो, साखर ६५० ग्रॅम (अंजिरात स्वतःची साखर बरीच असते), ४ लिंबांचा रस, सायट्रिक ॲसिड ३ ग्रॅम, सुंठपूड अर्धा चमचा. लिंबाच्या बिया व सालीचे तुकडे फडक्यात पुरचुंडी बांधून शिजताना सोडावेत आणि नंतर पिळून काढावेत.

४) स्ट्रॉबेरी आणि पेरू. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि देशावरचा पेरू डिसेंबर-जानेवारीत एकाच वेळी बाजारात असतात. स्ट्रॉबेरी ६०० ग्रॅम, पेरूचा गर ४०० ग्रॅम, साखर ७५० ग्रॅम, २-३ लिंबांचा रस. रंग-वास स्ट्रॉबेरीचा, घट्टपणा पेरूचा. विकतचे पेक्टिन लागत नाही.

गुळाविषयी एक सूचना. सगळी साखर काढून गूळच घालू नये. गुळात ओल असते, शिवाय गुऱ्हाळात रस साफ करताना चुना पडलेला असेल तर आंबटपणा मारला जातो आणि जॅम धरत नाही. पाव हिस्सा गूळ पुरे. तोही आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा.

शिजवणे आणि उतरवणे

रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. पितळेचे बिनकल्हईचे भांडे आंबट पदार्थाला चालत नाही. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त गर घेऊ नये. जास्त घेतला की आटायला वेळ लागतो, रंग काळवंडतो आणि वास उडून जातो. गर आधी गरम करावा, मग साखर घालून ती मंद आचेवर विरघळू द्यावी, नंतर आच मोठी करून सतत ढवळावे. लिंबाचा रस किंवा ॲसिड जॅम होत आला की घालावे. सुकी मसाल्याची पूड अगदी शेवटी दोन मिनिटे.

उतरवायचा कधी, हाच खरा प्रश्न. तीन कसोट्या आहेत :

अ) वजन. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे. वर दिलेल्या प्रमाणात आटून साधारण सव्वा किलो जॅम राहिला की त्यात सुमारे दोन तृतीयांश भाग साखर झालेली असते. ही कसोटी सर्वांत खात्रीची.

आ) उष्णतामान. पुस्तकात १०५ अंश सेल्सिअस लिहिलेले असते, ते समुद्रसपाटीचे. दर ३०० मीटर उंचीला पाणी सुमारे १ अंश आधी उकळते. आपल्याकडे देशावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून आधी नुसते पाणी उकळून आकडा पाहावा आणि त्यावर ५ अंश धरावेत.

इ) उलथन्याची कसोटी. थोडा जॅम उलथन्यावर घेऊन गार करावा व आडवा धरावा. थेंब थेंब न पडता पापुद्र्यासारखा तुटून पडला म्हणजे झाला.

साखर कमी केली तर काय होतं?

हा प्रश्न आम्हाला बायकाच नव्हे, पुरुष सभासदही विचारतात. साखर वाचवावी, किंवा 'कमी गोड' म्हणून विकावा, असा विचार असतो. तिथेच घात होतो. भारतातील २०११ च्या अन्नमानकांप्रमाणे जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ (त्यात मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के आणि फळाचा भाग किमान ४५ टक्के लागतो. स्ट्रॉबेरी-रास्पबेरीच्या जॅमला फळ २५ टक्के चालते. साखर याहून खाली गेली की तो जॅम उरत नाही, गोड लगदा होतो. बुरशी येते, आंबतो.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पपई आणि अंजीर यांसारख्या कमी आंबट फळांत साखरही कमी आणि आम्लही कमी राहिले, तर बंद बाटलीत हवेवाचून वाढणारे घातक जंतू विष तयार करू शकतात. ते विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. म्हणून वरील कृतीतले लिंबू किंवा ॲसिड 'आवडीप्रमाणे' नाही, मोजूनच घालायचे. ताजे आले, लसूण, हिरवी मिरची यांचे तुकडेही घालू नयेत. सुकी पूड वापरावी. आणि बुरशी आलेली बाटली वरचा थर काढून खाऊ नये. सबंध फेकून द्यावी.

बाटली भरणे

काचेची रुंद तोंडाची बाटली उत्तम. दुसऱ्या मालाच्या जुन्या बाटल्या घरच्यापुरत्या चालतील, पण झाकण नवेच हवे. गंजलेले, ढिले झाकण म्हणजे बुरशीला उघडे दार. बाटल्या धुऊन २०-३० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवाव्यात आणि पालथ्या घालून वाळवाव्यात. बाटलीत पाण्याचा थेंब राहिला तर तिथून बिघाड सुरू होतो.

जॅम ८५ अंशांहून गरम असतानाच भरावा. बाटली फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी, नाहीतर तडकते. वर पाव इंच जागा सोडावी, कड स्वच्छ पुसावी, झाकण घट्ट लावून बाटली दोन मिनिटे उलटी धरावी म्हणजे झाकणही तापते. पातळ प्लास्टिकच्या डब्यात गरम जॅम भरू नये. सव्वा किलोच्या घाण्यात २५० ग्रॅमच्या पाच बाटल्या बसतात.

विकायचा असेल तर

घरी खायला कोणाची परवानगी लागत नाही. विकायचा झाला की अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ लागू होतो. घरगुती उद्योग असो की बचत गट, नोंदणी करावी लागते. लेबलावर मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, घाण्याचा क्रमांक, तयार केल्याची व वापरण्याची मुदत, किंमत, करणाऱ्याचे नाव-पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक हवा. जोडीची नावे लपवू नयेत. 'पपई-कवठ जॅम' असेच लिहावे. पपईला आंबा म्हणून विकणारा एकदाच विकतो.

हिशेब मांडताना मोठी चूक होते ती इथे. 'साखर घरचीच आहे, फळ बांधावरचे आहे' म्हणून दोन्हींची किंमत शून्य धरली जाते आणि मग जॅम फार स्वस्त पडल्याचा भास होतो. सवलतीची साखर घरखर्चासाठी असते, ती संपली की बाजारभावाने घ्यावी लागते. म्हणून पहिल्या घाण्यापासूनच साखर बाजारभावाने, फळ बाजारात जे मिळाले असते त्या दराने, शिवाय बाटली, झाकण, लेबल, गॅस आणि घरातल्या बाईची मजुरी असे सगळे लिहावे. तिच्या तीन तासांची मजुरी ज्या हिशेबात नाही, तो धंदा फायद्यात आहे असे कोणी म्हणू नये.

प्रथम एकाच जोडीचा एक घाणा करावा. पाच बाटल्यांपैकी एक खायला, तीन ओळखीच्यांना चव पाहायला, आणि एक तारीख लिहून कपाटात ठेवावी. वहीत गर, साखर, आम्ल, शेवटचे वजन टिपावे. महिन्या-महिन्याने कपाटातली बाटली पाहावी : साखरेचे खडे धरले तर आम्ल कमी पडले किंवा फार आटला, वर पाणी सुटले तर आम्ल जास्त झाले, बुरशी आली तर साखर किंवा झाकण कमी पडले. सहा महिने ती बाटली जशीच्या तशी राहिली, तरच पुढे विक्रीचा विचार करावा.