वर फेकलेला चेंडू आणि मनातील चित्र

पदार्थविज्ञानातील नियम मुखोद्गत होणे निराळे आणि तो मनश्चक्षूंपुढे उभा राहणे निराळे. ह्या दोहोंत केवढे अंतर असू शकते, ते एका साध्या उदाहरणावरून पाहू.

समजा, आपण चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर जात असताना त्याच्यावर कोणती बले कार्य करतात? हवेचा विरोध तूर्त बाजूस ठेवू. पुष्कळ विद्यार्थी दोन बाण काढतात : खाली गुरुत्वाकर्षणाचा आणि वर 'हाताच्या बला'चा. अमेरिकेतील जॉन क्लेमंट ह्यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर फेकलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न होता. तेथे अभियांत्रिकीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचे उत्तरही असेच आले.

वस्तुतः चेंडूवर एकच बल आहे व ते खालच्या दिशेने. स्पर्श सुटताच हाताचे बल संपले. उरला तो वेग. सेकंदाला 20 मीटर वेगाने फेकलेल्या चेंडूचा वेग 1 सेकंदानंतर सुमारे 10 मीटर होतो आणि 2 सेकंदांनंतर शून्य. त्या शिखरावरही बल तेवढेच असते. तेथे बलही शून्य असते, तर चेंडू अधांतरीच राहिला असता!

मग चुकीचे चित्र येते कोठून? नित्याच्या अनुभवातून. ढकलणे थांबले की हातगाडी थांबते; तिला थांबविणारे घर्षण मात्र डोळ्यांना दिसत नाही. चौदाव्या शतकातील ज्याँ बुरिदाँसारखे पंडितही फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो, असे मानीत. गॅलिलिओने निराळे चित्र रेखाटले. उतरणीवरून घरंगळलेला गोळा समोरच्या चढणीवर जवळजवळ मूळ उंची गाठतो. चढण जितकी सौम्य, तितका तो दूर जातो. चढण आणि घर्षण दोन्ही नसतील, तर त्याने थांबावेच का? पुढे 1687 साली न्यूटनने आपल्या ग्रंथात ह्याच विचाराला गतीच्या पहिल्या नियमाचे रूप दिले.

विद्यार्थिमित्रहो, आकृती काढताना वेगाचे बाण एका रंगाने व बलाचे दुसऱ्या रंगाने काढावेत. प्रत्येक बलापाशी विचारावे, "हे कोण लावीत आहे?" उत्तर न मिळाल्यास तो बाण पुसून टाकावा. पाठांतराने परीक्षेचा दिवस निभावेल. परंतु नवे उदाहरण समोर आले की मनातील चित्रच आपल्याला तारील किंवा फसवील.