परसातला ड्रम आणि बाभळीचा कोळसा

वसमत भागात हळद शिजवायचे कुकर बनवणारी फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. अशाच एका दुकानात मी चार वर्षांपूर्वी २०० लिटरचा लोखंडी ड्रम घेऊन गेलो. तळाशी कोळशाची टोपली, तिच्यावर दोन फुटांवर जाळी, वर झाकण आणि त्यातून निघणारं धुराडं, एवढंच मला हवं होतं. अमेरिकेत लोक परसात असा ड्रम उभा करून मांस तासन्‌तास मंद धुरावर शिजवतात. मला तसंच गावरान कोंबडीचं आणि सिद्धेश्वर धरणातल्या कटल्याचं करायचं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या ड्रममध्ये काही ना काही बदल करतो आहे. त्यातून जे कळलं ते इथं लिहितो.

१. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारल्याशिवाय तो घेऊ नका. औषधाचा, ॲसिडचा, थिनरचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. माझा खाद्यतेलाचा होता. तरीही मिस्त्रीनं दोन्ही बुचं उघडून, ड्रम पाण्यानं भरून, मगच ग्राइंडर लावला. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफ कोंडलेली असली तर एका ठिणगीनं तो फुटतो आणि त्यात माणसं जातात. कापून झाल्यावर आतला रंग आणि अस्तर जाळावं लागतं. मी पऱ्हाट्या आणि तुराट्या भरून दीड तास मोठा जाळ केला, पोपडे तारेच्या ब्रशनं खरवडले आणि ड्रम कोमट असताना आतून जवसाचं तेल पुसलं. नवा बिडाचा तवा जसा मुरवतात तसंच. जवसाचं तेल तापून घट्ट, काळा थर धरतं आणि गंज लागत नाही. करडईचंही चालतं, पण थर पातळ बसतो.

२. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी कोळशाजवळ नको. स्वस्त आणि चकचकीत म्हणून मी पहिली टोपली तिचीच केली होती. मिस्त्रीनं ती पाहिली आणि बाजूला काढून ठेवली. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फुललेला निखारा त्याच्या कितीतरी पुढे असतो. तापलेल्या जस्ताच्या धुरानं वेल्डिंगवाल्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे त्यानं अनुभवलेलं होतं. आता टोपली साध्या काळ्या लोखंडाची आहे.

३. हवा. बाकी सगळं मागाहून. पहिल्या वेळी मी ड्रमच्या बुडाशी एकेक इंचाची तीन भोकं पाडली आणि तिन्ही उघडी ठेवली. अर्ध्या तासात झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा २०० अंशांच्या पार गेला. कोंबडी वरून कोळसा, हाडाजवळ लाल. मला वाटलं, कोळसा जास्त झाला. पुढच्या वेळी निम्माच घातला, तर ताप तितकाच चढला, फक्त लवकर विझला. तिसऱ्या वेळी आणखी कमी. माय ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, “कोळसा कमी करून काय होतंय? वारं कमी कर की.”

तिच्या लहानपणी रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवत. सकाळी राख सारली की तो जिवंत असे. ज्यांचा विझला ते शेजारी इस्तू मागायला येत. राख निखाऱ्याला मारत नाही, वारा बेतानं देते. मी बाजारात नवनवीन वस्तू शोधत होतो आणि जे हवं होतं ते घरातच माहीत होतं, याची मला आजही हळहळ वाटते.

मग मिस्त्रीकडून दोन भोकांवर सरकत्या झडपा बसवल्या आणि तिसऱ्याला बूच लावलं. आता मी असं समजतो की कोळसा किती घातला त्यावर भट्टी किती वेळ चालेल ते ठरतं, आणि हवा किती दिली त्यावर ती किती तापेल ते. मला ११० ते १३० अंश हवे असतात. काटा ९५ वर आला की झडप अर्धी लावतो, कारण एकदा वर गेलेला ताप खाली आणायला पाऊण तास मोडतो. आणि झडप हलवली की पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. सतत खालीवर करत राहिलं तर कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

४. धुराडं कधीच बंद करू नये. धूर आत कोंडला तर चव जास्त लागेल असं मला वाटायचं, म्हणून एकदा वरची झडपच लावली. चार तासांनी कोंबडीवर डांबरासारखा चिकट थर होता आणि जीभ कडवट झाली. धूर आला तसा मांसाला चाटून निघून गेला पाहिजे. पांढरा, दाट धूर निघत असेल तोवर जाळीवर काही ठेवू नका. तो विरळ, निळसर झाला, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका, की मग ठेवा. हळदीच्या कुकरच्या भट्टीला उंच चिमणी लावतात, तेच पाहून मिस्त्रीनं माझ्या धुराड्याला दीड फुटाचा तुकडा जोडला. ओढ लगेच सुधारली.

५. झाकणाच्या फटीतून हवा जात असेल तर खालच्या झडपा फुकट. फटी शोधायच्या तर आत ओलसर तुराट्या पेटवा, सगळं बंद करा आणि धूर कुठून येतो तिथं खडूनं खूण करा. माझ्या ड्रमवर अकरा खुणा झाल्या होत्या. माती, शेण आणि भुसा कालवून लिंपलं, ते दुसऱ्याच वेळी तडकलं. शेवटी भट्टीच्या दाराला लावतात ती काचतंतूंची दोरी बसवली. ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्त असते, पण तिची तुसं फुफ्फुसात जातात. ती घेऊ नये.

६. टोपलीला पाय हवेत, निदान सहा सेंटिमीटरचे. माझी टोपली बुडाला टेकलेली होती. चौथ्या तासाला ताप उतरू लागला, झडपा पूर्ण उघडल्या तरी उतरतच राहिला. राखेनं खालून हवेची वाट बुजवली होती. पाय लावल्यावर हा त्रास संपला. पेटवायची रीतही तेव्हाच बदलली. टोपली न पेटलेल्या बाभळीच्या कोळशानं भरायची, मधे खळगा करायचा आणि त्यात फुललेले दहा-बारा निखारे सोडायचे. विस्तव मधून बाहेर सरकत जातो आणि पाच-सहा तास भर घालावी लागत नाही. पावसाळ्यात कोळसा दमट होतो आणि तडतडतो, म्हणून तो झाकणाच्या डब्यात ठेवावा.

७. झाकणावरचा काटा झाकणाचा ताप सांगतो, जाळीचा नाही. माझ्या ड्रममध्ये दोन्हींत २५ अंशांचा फरक आहे. नवा थर्मामीटर आणला की आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८-९९ अंशांनाच उकळतं. काटा १०० दाखवत नाही म्हणून टाकून देऊ नका. कोंबडीच्या मांडीत, हाडाजवळ पण हाडाला न टेकवता, ७४ अंश आले की ती शिजली. रंगावर विश्वास नको. धुरानं मांस आतून शिजल्यावरही गुलाबी राहतं.

८. लाकूड मूठभरच, आणि खणखणीत वाळलेलं. बोर आणि आंबा मला सगळ्यांत आवडतात. बाभूळ उग्र, ती कोळशापुरती बरी. कडुनिंब नको. कण्हेर आणि रुई अजिबात नको, ती विषारी आहेत. रंगवलेली चौकट, प्लायवूड हेही नको. माशाला आधी तासभर मीठ लावून ठेवा, मग पुसून वाऱ्यावर सुकू द्या. कातडी बोटाला किंचित चिकटली की धूर धरते. ओल्या माशावर धूर बसत नाही. हळदीची पानं हिरवी असतात त्या दिवसांत मी कटल्याचे तुकडे पानावर मांडतो, वरून ओली हळद आणि लसूण वाटून. पान करपत जातं आणि त्याचा वास माशात उतरतो. त्या चवीसाठी मी वर्षभर थांबतो.

९. भट्टी उघड्यावरच. पुस-माघाच्या थंडीत लोक विझत आलेली शेगडी झोपायच्या खोलीत घेतात. धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं उठत नाहीत. ड्रम कधीही आत आणू नका, पत्र्याच्या बंद शेडमध्येही नाही. काम झालं की सगळ्या झडपा आणि धुराडं लावून विस्तव गुदमरू द्या. धुराडं लावायची वेळ ही एकच, जाळी रिकामी झाल्यावरची. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो.

१०. यंदाचा बदल साधा आहे. ड्रम उंच चौकटीवर चढवला, म्हणजे झडपा कमरेच्या उंचीवर आल्या. मायला आता वाकवत नाही. झडपेच्या पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या तीन रेघा आहेत, तिनंच ओढल्यात. पहिली माशाची, दुसरी कोंबडीची, आणि सगळ्यांत उघडी ती भरताच्या वांग्यांची.