केल्ट योद्ध्याचा अर्धपुतळा

इतिहास शिकवितांना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळून येते. पुस्तकांतील मजकुरापेक्षां पुस्तकांतील चित्र विद्यार्थ्यांच्या स्मरणांत अधिक काळ टिकतें. मजकूर चुकला तर परीक्षक तो खोडतो. परंतु चित्र चुकलें तर तें जन्मभर तसेंच मनांत राहतें. म्हणून ज्यास एखाद्या प्राचीन पुरुषाचा पुतळा रंगवावयाचा असेल, त्यानें कुंचला हातीं घेण्यापूर्वीं पुरावा हातीं घेतला पाहिजे. हें कसें करावें तें एका उदाहरणानें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

उदाहरणासाठीं घेतलेला अर्धपुतळा मनुष्याच्या एक चतुर्थांश प्रमाणाचा, वीतभर उंचीचा व कृत्रिम राळेचा ओतीव आहे. बैठकीवर ‘केल्ट योद्धा’ एवढीच अक्षरें. डोक्यावर चामड्याची टोपी व तिला बैलाचीं दोन शिंगें, खांद्यावर अस्वलाचें कातडें, छातीपर्यंत दाढी, कपाळावर आठ्या, आणि वेष्टनावरील चित्रांत तोंडास फांसलेला निळा रंग, असा त्याचा थाट होता. यांतील खरें किती व कल्पित किती, हा पहिला प्रश्न.

केल्ट हें कोणा एका राज्याचें नांव नव्हे. ख्रिस्तपूर्व शतकांत मध्य व पश्चिम युरोपांत परस्परांशीं नातें असलेल्या भाषा बोलणाऱ्या अनेक जमातींस हें नांव देतात. आजच्या फ्रान्स देशांत राहणाऱ्या जमातींस रोमन लोक गॉल म्हणत. कांहीं टोळ्या इ. स. पूर्व २७८ च्या सुमारास आशियामायनरांत उतरून तेथेंच वसल्या. त्यांच्यावरून त्या प्रांतास गलतिया हें नांव पडलें, आणि नव्या करारांतील गलतीकरांस लिहिलेल्या पत्रामुळें तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत परिचित आहे. एवढ्या विस्तृत प्रदेशांतील सर्वांचा पोशाख एकच असणें शक्य नाहीं. म्हणून आमचा पुतळा इ. स. पूर्व पहिल्या शतकांतील, ज्युलियस सीझरच्या काळच्या, एका गॉल सरदाराचा करावयाचा असें आम्ही ठरविलें. देश, काळ आणि दर्जा हीं तीन ठरल्यावांचून रंगाची एकही कुपी उघडूं नये.

आतां साक्षीदार पाहूं. गॉल लोकांनीं स्वतःचा इतिहास लिहून ठेविला नाहीं. त्यांच्याविषयीं जें लिहिलें तें ग्रीकांनीं व रोमनांनीं, म्हणजे परक्यांनीं आणि पुष्कळदां शत्रूंनीं. डायोडोरस हा ग्रीक ग्रंथकार सांगतो कीं, हे लोक केंसांस वारंवार चुन्याची निवळी लावून ते कपाळावरून मागें मानेपर्यंत ओढीत, त्यामुळें ते घोड्याच्या आयाळीसारखे राठ होत. सरदार लोक गाल तासून मिशा मात्र तोंड झांकेपर्यंत वाढवीत. आणि त्यांचीं उपरणीं चौकड्यांचीं व रंगीबेरंगी असत. रोम येथील कॅपिटोलाईन संग्रहालयांत ‘मरणोन्मुख गॉल’ नांवाची संगमरवरी मूर्ति आहे. पर्गाममचा राजा पहिला अत्तालस यानें गलतियाच्या लोकांवर मिळविलेल्या विजयाच्या स्मारकांतील मूर्तीची ती प्रतिकृति मानितात. तिच्यांतही मागें वळविलेले राठ केंस, मिशा आणि गळ्यांत पीळदार कंठा दिसतो. अर्थात् हें स्मारकही जेत्याचेंच.

न्यायालयांत एकाच पक्षाची साक्ष घेऊन निकाल देत नाहींत. मग केल्टांची स्वतःची साक्ष कोठें मिळावी? ती दगडांत मिळते. चेक देशांतील म्शेत्स्के झेहरोविचे येथें १९४३ सालीं एक केल्ट बनावटीचें दगडी मस्तक सांपडलें. त्याच्या मिशांचीं टोकें वर वळलेलीं, केंस मागें फिरविलेले आणि गळ्यांत तसाच कंठा आहे. जर्मनींतील ग्लाउबर्ग येथें १९९६ सालीं १.८६ मीटर उंचीचा दगडी पुरुष मिळाला. तो आमच्या सरदाराच्या चारशें वर्षें आधींचा आहे. त्याच्या गळ्यांत तीन लोलकांचा कंठा कोरलेला आहे, आणि तसाच सोन्याचा कंठा तेथील थडग्यांत प्रत्यक्ष सांपडला. शत्रूची लेखणी आणि त्या लोकांची स्वतःची छिन्नी जेथें एकच गोष्ट सांगतात, तेथें आपण निःशंकपणें विश्वास ठेवावा. केंस, मिशा व कंठा या तिहींचा निकाल असा लागला.

शिंगांचें काय? डायोडोरस शिंगांच्या शिरस्त्राणांचा उल्लेख करितो, हें खरें. १८६८ सालीं लंडन येथें वॉटर्लू पुलाजवळ थेम्स नदींत एक शिंगांचें शिरस्त्राण सांपडलें व तें ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. परंतु तीं शिंगें बैलाचीं नसून कांशाच्या पत्र्याचीं आहेत, आणि पत्रा इतका पातळ कीं तें शिरस्त्राण लढाईपेक्षां समारंभासाठीं असावें असें तज्ज्ञ मानितात. आजवर सांपडलेलीं बहुतेक केल्ट शिरस्त्राणें बिनशिंगांचीं आहेत. निळ्या रंगाची गोष्ट सीझर सांगतो, पण ती ब्रिटनच्या रहिवाशांविषयीं, गॉल लोकांविषयीं नव्हे. त्यानें वापरलेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘कांच’ असा आहे. त्याचा अर्थ वोड नांवाची वनस्पति असा करण्याची रूढि आहे, पण त्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. वोडपासून निघणारा निळा रंग आपल्या निळीच्या झाडांतून निघतो तोच होय. तेव्हां शिंगें, निळें तोंड आणि छातीपर्यंतची दाढी या तिहींस आम्ही रजा दिली.

येथून हाताचें काम सुरू होतें. राळेच्या ओतीव वस्तूवर सांच्यांतील तेलकटपणा राहतो. म्हणून पुतळा प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून वाळवावा. टोपी, शिंगें, दाढी व कातडें बारीक करवतीनें कापून कानशीनें सारखें करावें. राळेचा भुगा फुफ्फुसांस अपायकारक आहे. यास्तव घांसतांना पॉलिश कागद पाण्यांत भिजवावा, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि लहान मुलांजवळ वडील माणसानें बसावें.

केंसांसाठीं दोन भाग सम प्रमाणांत मळून घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी घ्यावी. तिचा थर डोक्यावर बसवून ती मऊ आहे तोंच सुईनें कपाळाकडून मानेकडे जाड जाड बटा ओढाव्या. चुन्यानें राठ झालेले केंस सुटे भुरभुरत नाहींत, म्हणून बटा बारीक करूं नयेत. मिशा दोन वळकट्यांच्या करून ओंठावर उतराव्या. कंठा आपल्याकडील सरी किंवा हांसळीसारखा ताठ, पण पुढें उघडा असतो. तांब्याच्या तीन बारीक तारा एकत्र पिळून त्या गळ्याभोंवतीं वळवाव्या आणि दोन्ही टोकांस पुट्टीचे गोल गोंडे बसवावे. उपरण्यासाठीं पुट्टी शंखजिऱ्याच्या पुडीवर पातळ लाटून खांद्यावरून सोडावी व उजव्या खांद्यावर तारेची, सेफ्टी पिनेच्या घाटाची, कडी लावावी. त्या काळच्या कड्या बहुधा याच युक्तीच्या असत.

पुट्टी पुरती वाळल्यावर सर्व पुतळ्यास करड्या रंगाचें पातळ अस्तर द्यावें. मोठ्या पुतळ्याची अडचण ही कीं, एकाच रंगाचें सपाट तोंड मातीच्या मडक्यासारखें दिसतें. म्हणून ॲक्रिलिकचा मध्यम कातडी रंग खालीं देऊन त्यावर तैलरंगाचे अतिपातळ थर चढवावे: नाक, कान व गालांवर तांबूस, डोळ्यांखालीं किंचित् जांभळट, आणि तासलेल्या गालांवर व हनुवटीवर निळसर करडा. या शेवटच्या छटेनेंच दाढी केलेली आहे हें पाहणाऱ्यास कळतें. प्रत्येक तैलथर वाळावयास कांहीं दिवस लागतात. घाई करूं नये. केंस मुळाशीं गडद, मध्यें पिंगट व टोकांस चुन्यासारखे फिकट करावे आणि त्यांवर चकाकी मुळींच नसावी. चौकडीचें कापड रंगवितांना विणकराचें अनुकरण करावें: आधीं सर्व उभ्या रेघा, मग आडव्या, आणि जेथें दोन्ही मिळतात तेथें रंग गडद. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथील मिठाच्या खाणींत शेंकडों वर्षें आधींचीं लोंकरी कापडें मिठामुळें टिकलीं आहेत. त्यांत चौकडीही आहे व निळीनें रंगविलेला धागाही आहे.

राहिल्या कपाळावरील आठ्या. त्या मूळ कारागिरानें कां कोरल्या? रानटी मनुष्य सदा क्रुद्ध असतो, एवढ्याच समजुतीवर. परंतु हेच लोक तीक्ष्णबुद्धि असून विद्येविषयीं उदासीन नाहींत, असें डायोडोरसही लिहितो. उलट दिशेनेंही इतिहासाची ओढाताण होते. सीझरशीं इ. स. पूर्व ५२ मध्यें अलेशिया येथें झुंजलेला गॉल नायक व्हर्सिंजेटोरिक्स याचा भव्य पुतळा तिसऱ्या नेपोलियननें १८६५ सालीं त्या स्थळीं उभारविला. त्याचा चेहरा खुद्द सम्राटासारखा आहे असें म्हणतात. एकानें पराभूतास पशु केलें, दुसऱ्यानें त्यास आपला आरसा केलें. दोघांनींही त्या मनुष्यास त्याचें स्वतःचें तोंड दिलें नाहीं. आम्ही आठ्या पुट्टीनें भरून काढिल्या आणि दृष्टि सरळ समोर ठेविली.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे. असें काम करितांना एक लहान वही जवळ ठेवावी व तिच्या पानावर दोन रकाने आंखावे. पहिल्यांत पुराव्यानें सिद्ध झालेलें लिहावें. आमच्या वहींत तेथें केंस, मिशा, कंठा व चौकडी आहे. दुसऱ्यांत आपण अनुमानानें घातलेलें लिहावें. तेथें डोळ्यांचा रंग, चौकडींतील रंगांची निवड व मुद्रेवरील शांतपणा आहे. ती वही पुतळ्याशेजारींच ठेवावी. पालकांनींही मुलाची कलाकृति पाहतांना ‘किती सुंदर!’ म्हणून थांबूं नये, तर ‘हें तुला कशावरून कळलें?’ असें प्रेमानें विचारावें. ज्या मुलास या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, त्यानें पुतळा रंगविला आणि त्याबरोबर इतिहासाचा एक धडाही पुरता केला, असें आम्ही समजतों.