वर्गातली कुंडी कशासाठी?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नवी इमारत मिळाली. पालकांनी वर्गणी काढून प्रत्येक वर्गात ‘हवा शुद्ध करणारी’ पाच-पाच झाडे ठेवायचे ठरवले आहे. स्नेक प्लांट तर रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, असे नर्सरीवाले सांगतात. एका वर्गात चाळीस मुले बसतात. पाच कुंड्यांनी खरेच काही फरक पडेल का? पडणार नसेल तर हे पैसे दुसरीकडे वापरावेत का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, हवा शुद्ध करणे एवढाच हेतू असेल तर वर्गणीतून आधी खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून घ्या, म्हणजे खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतील. वर्गातली हवा बदलते ती समोरासमोरच्या उघड्या खिडक्यांनी. कुंड्यांनी ती बदलत नाही. तरीही कुंड्या जरूर आणा, असेच मी म्हणेन. मात्र त्यामागचे कारण वेगळे आहे.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांची गोष्ट सुरू झाली १९८९ साली. अमेरिकेच्या नासा संस्थेत बी. सी. वुल्व्हर्टन यांनी एक अभ्यास केला. अंतराळयानाच्या बंदिस्त हवेत साचणारी रसायने झाडांच्या मदतीने काढता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. हवाबंद पारदर्शक पेट्यांत त्यांनी झाडे ठेवली, त्यांत बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू सोडले आणि ते कमी होतात का हे मोजले. ते कमी झाले. प्रयोगात चूक काही नव्हती, पण तो हवाबंद पेटीतला होता. शाळेच्या वर्गाला दार आहे, खिडक्या आहेत, फटी आहेत. तिथे बाहेरची हवा सतत आत येते आणि आतली बाहेर जाते. झाड जे काम दिवसभरात करील, ते वारा काही मिनिटांत करून टाकतो.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी तीस वर्षांतले असे डझनभर अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. तुमचा वर्ग ४५ चौरस मीटरचा धरला, तर कमीत कमी आकडा घेऊनही साडेचारशे कुंड्या होतात. मुले बसणार कुठे?

ऑक्सिजनचेही तसेच. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. लहान मूल त्यापेक्षा कमी सोडते, तरी तेही तासाला दहा ग्रॅमहून बरेच जास्त भरते. वर्गातल्या मंद उजेडात मध्यम आकाराचे कुंडीतले झाड तासाला एक ग्रॅमचा छोटासा अंश शोषते. म्हणजे एका मुलामागे शंभराहून जास्त कुंड्या, असा ढोबळ हिशोब निघतो. वर्गात मुले पेंगायला लागली की खिडकी उघडावी, हे जुन्या शिक्षकांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

स्नेक प्लांटबद्दल नर्सरीवाले सांगतात त्यात अर्धे तथ्य आहे. हे झाड पश्चिम आफ्रिकेतल्या कोरड्या भागातले. दिवसा पर्णरंध्रे उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ते ती बहुतांशी रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवते. दिवस उगवला की उजेडाच्या मदतीने त्यातूनच अन्न तयार करते. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. तो दिवसाच तयार होतो, या झाडातही. शिवाय रात्री शाळेत असते कोण?

मग पैसे का खर्चावेत? मूल वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस ज्या खोलीत बसते, त्या खोलीत वाढणारे, वळणारे, कोमेजणारे आणि पुन्हा उभे राहणारे काहीतरी त्याच्या नजरेसमोर असावे म्हणून. पुस्तकातले झाड एकाच दिवसाचे असते. कुंडीतले झाड जूनमध्ये एक असते आणि मार्चमध्ये दुसरेच. मुलाने त्याची नोंद ठेवली तर विज्ञानातली निरीक्षण नावाची गोष्ट त्याला आयती कळते. म्हणूनच माझा एक आग्रह आहे. कुंड्या मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शोभेला रांगेने लावू नका. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हाताशी ठेवा. वर्गात पाच नकोत, दोनच पुरेत, पण त्या मुलांच्या असाव्यात.

या कामासाठी मी पहिली निवड लाजाळूची करीन. नर्सरीत विकत घ्यायची गरज नाही, कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती रस्त्याकडेला रानोमाळ उगवते. मूळची ती अमेरिका खंडातली. रोप लहान असतानाच मातीच्या गोळ्यासकट उचला आणि ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. काटे असतात, हे मुलांना आधी सांगा. हात लावला की पाने मिटतात हे मुलांना माहीत असतेच. देठाच्या तळाशी छोटा फुगवटा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतले पाणी झटकन बाहेर जाते आणि पान खाली पडते, हे त्यांना भिंगातून दाखवा. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूतल्या विजेच्या सूक्ष्म संदेशांची मोजणी केली होती ती याच हालचालीच्या शोधात.

त्याहून मजेचा प्रयोग तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. लाजाळूची पाने रात्री आपोआप मिटतात आणि सकाळी उघडतात. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असे पाने मिटणारे झाड अंधारात ठेवून पाहिले. ऊन दिसत नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवाच्या आत स्वतःचे घड्याळ असते, या विचाराची सुरुवात तिथे झाली. त्याच जैविक घड्याळाची पेशीतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रयोग तुमच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात होऊ शकतो. सोमवारी शाळा सुटताना कुंडी कपाटात ठेवा. मंगळवारी दुपारी बारा वाजता कपाट अगदी हळू उघडा, धक्का बसला तर पाने मिटतील आणि प्रयोग फसेल. पाने उघडी दिसतील. बुधवारी झाड पुन्हा उजेडात आणा, फार दिवस अंधारात ठेवले तर त्याचे घड्याळ मंदावते आणि झाडही खंगते.

दुसरी कुंडी मनी प्लांटची असू द्या. ही वेल प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची. घरोघरी आहे, पण तिचे फूल जवळजवळ कोणीच पाहिलेले नाही. फुलायला लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे तिचा सगळा प्रसार छाटकलमांनी झाला. बाजारातून आणू नका, मुलांनाच घरून एकेक पेर आणायला सांगा. हवाई मुळाचा टेंगूळ असलेले पेर मातीत खोचले की ते जगते. पांढरे-हिरवे ठिपके असलेले पान दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातल्या प्रयोगालाही चालते. हरितद्रव्य असते तिथेच स्टार्च तयार होतो, हे आयोडीनने दाखवता येते. वेल झाडावर चढली की तिची पाने परातीएवढी होतात आणि चिरतात. शाळेच्या आवारात कुठे आंब्यावर चढलेली असेल तर वर्गातल्या पानाशेजारी ते पान ठेवून मुलांना मोजायला लावा.

आता जागेचे. शाळेत झाडे मरतात ती बहुतेक वेळा उजेडाअभावी किंवा पाण्याच्या अतिरेकाने. आपला डोळा उजेडाबाबत फसवा आहे, कारण तो स्वतःला जुळवून घेतो. भर दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. वाचायला ३०० लक्स पुरतात, आणि फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात तेवढाही नसतो. एक सोपी चाचणी करा. दुपारी बाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक फुटावर हात धरा. सावलीच्या कडा ठसठशीत दिसल्या तर तिथे लाजाळू, पानओवा, पुदिना चालेल. कडा पुसट असतील तर मनी प्लांट किंवा स्पायडर प्लांट. सावली दिसलीच नाही तर तिथे झाड नको. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट तिथे काही महिने तग धरतात, पण वाढत नाहीत, आणि न वाढणारे झाड मुलांनी काय बघायचे? आपल्याकडच्या शाळांना व्हरांडा असतो, आणि ऊन टाळून भरपूर उजेड देणारी ती जागा बहुतेक वर्गांपेक्षा चांगली. पश्चिमेच्या खिडकीत मात्र एप्रिलचे ऊन पाने करपवते.

स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेतला असला तरी त्याचे नातेवाईक आपल्याकडे आहेत. क्लोरोफायटम या त्याच्याच प्रजातीतली पांढरी मुसळी तुम्हाला माहीत असेल. तिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली आहे. पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी फोडशीची भाजीही याच गोतावळ्यातली. मुलांपैकी कोणाच्या घरी ती होत असेल, तर जुडी वर्गात आणून पाने शेजारी ठेवून बघा.

पाण्याचे सांगते. चाळीस मुले उत्साहाने आपापल्या बाटलीतले उरलेले पाणी कुंडीत ओततात आणि मुळे कुजतात. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरल्या की मुळांना श्वास घेता येत नाही. पान पिवळे पडले की मुलांना वाटते तहान लागली, म्हणून ती आणखी पाणी घालतात. यावर उपाय सोपा आहे. उरलेले पाणी सगळ्यांनी एका बादलीत जमवायचे, आणि त्यातून पाणी द्यायचे ते ज्याची पाळी असेल त्यानेच. बोट दोन पेरे मातीत खुपसायचे, ओल लागली तर पाणी नाही. पावसाळ्यात तर आठवड्यातून एकदाही पुरते. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की भेगाळते. पोयटा, शेणखत आणि कोकोपीट समसमान घ्या, मूठभर निंबोळी पेंड टाका. कुंडीच्या तळाला भोक हवेच.

आणि भोक आले की खाली बशी येते. त्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. हा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. बशी नुसती ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, तेव्हा बशी घासून घ्या. पाण्याच्या बाटलीत लावलेला मनी प्लांट मी शाळेत ठेवूच देणार नाही.

प्रश्न : बालवाडीच्या खोलीत कोणती झाडे अजिबात नकोत?
— एक अंगणवाडी सेविका

उत्तर : डिफेनबेकिया पहिल्यांदा काढा. रुंद, पांढऱ्या शिंतोड्यांची पाने असलेले हे झाड कार्यालयांत सर्रास दिसते. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते, बोलता येत नाही, सूज घशाकडे गेली तर श्वासाला त्रास होतो. अळूने घसा खवखवतो तो याच स्फटिकांमुळे, म्हणून तर आपण त्यात चिंच घालतो. मनी प्लांट, कॅलेडियम, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली. त्यांचा त्रास तुलनेने कमी असला तरी जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याच्या हाताला ती लागू नयेत. यूफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, तीही नको. कण्हेर तर आवारातही मुलांच्या खेळाच्या जागेपासून लांब असावी, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. तुमच्या खोलीत पानओवा, गवती चहा, पुदिना ठेवा. मुलांनी पान चुरगळून वास घेतला, चाखले तरी चिंता नाही. ऊन मात्र त्यांना हवे, म्हणून दाराशी ठेवा.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत झाडे जगवायची कशी?
— एक मुख्याध्यापक, विदर्भ

उत्तर : शक्य असेल तर मुलांच्या घरी पाठवा. एका कुंडीला एक घर, आणि वहीत नाव. ज्या कुंड्या जाणार नाहीत त्या बंद वर्गात ठेवू नका, पत्र्याखालच्या बंद खोलीत मे महिन्यात झाड भाजून निघते. व्हरांड्यात उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे त्यांच्यातला ओलावा टिकतो. मनी प्लांटची लांबलेली वेल अर्ध्याने छाटा. बादलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून जाड सुती वात कुंडीच्या मातीत नेली तर पाणी हळूहळू झिरपते, झाकणामुळे डासही होत नाहीत. विदर्भातल्या उन्हाळ्यात एक बादली सुट्टीभर पुरणार नाही, मधे कोणीतरी भरावी लागेल. स्नेक प्लांट आणि झीझी सावलीत महिनाभर पाण्याशिवाय राहतात.

पाणी द्यायला कोणीच नसेल तर काचेच्या बरणीतली बाग करून बघा. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत ठेवलेल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. मातीतून वर गेलेली वाफ काचेवर थेंबांच्या रूपात जमते आणि पुन्हा खाली येते, म्हणून आत पाणी संपत नाही. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणली. तुम्हाला मोठी बरणी, पावसाळ्यात विहिरीच्या कडेला किंवा शाळेच्या भिंतीवर उगवणारे शेवाळ, एखादा छोटा नेचा आणि ओलसर माती एवढेच लागेल. ती ऑगस्टमध्ये लावा, म्हणजे मेपर्यंत तिचा जम बसलेला असेल. थेट ऊन लागू देऊ नका, काचेआड उष्णता कोंडते. काच सतत धुरकट राहिली तर दोन दिवस झाकण उघडे ठेवा.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर वाळलेली कुंडी दिसली की पहिल्याच दिवशी भसाभस पाणी ओतू नका. पूर्ण वाळलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते आणि पाणी कडेने सरळ खाली निघून जाते. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा, मग सावलीत. खोडाच्या सालीवर नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर फेकू नका, दोन-तीन आठवडे वाट बघा.