सणाच्या दिवशी बाहेर जेवावे का?



वर्षातले काही दिवस असे असतात की त्या दिवशी संध्याकाळी कॉलेज रोड असो, गंगापूर रोड असो की नाशिकरोड, हॉटेलांच्या दारात माणसे ताटकळत उभी दिसतात. १४ फेब्रुवारी, मे महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे 'मदर्स डे', नाताळ आणि ३१ डिसेंबर ही त्यांतली ठळक नावे. पूर्वी सणाचे जेवण म्हणजे घरचेच जेवण असे. आता पुष्कळ घरांत नाताळाच्या आधीच 'यंदा बाहेर जायचे का?' असा विषय निघतो आणि त्यावरून रुसवेफुगवेही होतात. तरुणांना वाटते, वर्षातून एक दिवस मोकळेपणाने मजा करू द्या. वडीलधाऱ्यांना वाटते, ऐन सणाच्या दिवशी घरची चूल बंद, ही कसली रीत? घरभेटीला गेल्यावर हा प्रश्न आमच्याही पुढे येतो. म्हणून आज त्याचा थोडा अभ्यास करू या.

सार कोणते आणि उपाधी कोणती?

ॲरिस्टॉटल आणि त्याच्या मागोमाग संत थॉमस अक्विनास यांनी वस्तूचे सार आणि तिच्या उपाधी असा भेद केला. जे काढून घेतले तर ती वस्तूच उरत नाही ते सार. जे बदलले तरी वस्तू तीच राहते ती उपाधी. हीच कसोटी सणाच्या जेवणाला लावून पाहू. हॉटेल काढून घेतले तर सण उरतो. बिर्याणीच्या जागी वरणभात आला तरी सण उरतो. पण ज्या आईने सगळे रांधले तीच पंगतीत नाही, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ती स्वयंपाकघरात एकटी दोन घास खाते, तर सण उरला का? घरात सगळे बसले आहेत, पण थोरला मुलगा एका हॉटेलात दुसऱ्यांच्या ताटात वाढतो आहे आणि त्याची कोणी वाटही पाहिली नाही, तर सण उरला का?

तेव्हा सणाच्या जेवणाचे सार हे की आपली माणसे देवाचे आभार मानून, घाई न करता, एकत्र बसतात. जागा, पदार्थ आणि तारीखसुद्धा या उपाधी आहेत. हे एकदा ध्यानात आले की 'घरी की बाहेर' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कोण बसले आणि कोण राहिले' हा प्रश्न पुढे येतो.

मजा करणे हेच मुळात पाप, असे मात्र कोणी समजू नये. विश्रांती आणि करमणूक यांची माणसाच्या मनाला गरज असते, आणि त्यांत योग्य प्रमाण राखणे हा एक सद्गुण आहे, असे संत थॉमस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया'त मांडले आहे. त्याच ग्रंथात खादाडपणाचे प्रकार सांगताना अति खाण्याबरोबरच अति महागाचे खाणेही त्यांनी त्यात धरले आहे. एका संध्याकाळच्या बिलासाठी उधारी करावी लागत असेल, तर हा दुसरा इशारा आपल्यासाठी आहे.

गर्दीच्या रात्री भटारखान्यात

गर्दीच्या दिवशी नेमके काय होते तेही पाहावे. हॉटेलातली टेबले ठरलेली असतात, भटारखान्यातल्या शेगड्या आणि आचाऱ्यांचे हातही ठरलेले असतात. एरवी तीन तासांत विभागून येणारी गिऱ्हाइके त्या रात्री एकाच तासात येतात. सगळ्या ऑर्डरी एकदम पडल्या की अन्नाला उशीर होतो आणि चूकही होते. म्हणून बरीच हॉटेले त्या दिवशी नेहमीचे मेनूकार्ड बाजूला ठेवून ठरावीक पदार्थांचे जेवण किंवा बफे लावतात, आगाऊ पैसे घेतात आणि टेबल लवकर रिकामे व्हावे अशी अपेक्षा ठेवतात. मागणी एका रात्रीत एकवटली की भावही चढतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. व्यवसायाचा हिशेबच तसा आहे. पण त्याचा परिणाम असा, की वर्षातले सर्वांत घाईचे जेवण आपण नेमके त्या दिवशी जेवतो, ज्या दिवशी निवांत बसण्यासाठी म्हणून घराबाहेर पडलेलो असतो.

पवित्र शास्त्रातील पंगती

बाहेर जेवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असे म्हणावे, तर प्रभू येशूनेच शिष्यांसह शेवटचे भोजन परक्या घरात घेतले. वल्हांडणाच्या सणाला येरुशलेम यात्रेकरूंनी भरून जात असे. प्रभूने पेत्र आणि योहान यांना पुढे पाठवून घरधन्याकडून माडीवरची खोली मिळवली आणि तयारी करून ठेवायला सांगितली (लूक २२:७-१३). म्हणजे गर्दीच्या सणाला आधी जागा ठरवून ठेवणे यात काही वावगे नाही! पण त्या रात्रीची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाहुण्यांचे पाय धुणे हे नोकराचे काम. ते प्रभूने स्वतः कमरेला रुमाल बांधून केले (योहान १३). सणाच्या पंगतीत यजमानच सेवक झाला.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हाचा एक बारकावा आपण सहज ओलांडून जातो. उत्तम द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्यांनी रांजणांत पाणी भरले त्या चाकरांना मात्र ठाऊक होते (योहान २:९). प्रभूचा पहिला चमत्कार आधी वाढणाऱ्यांना कळला. आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो की मेजवानी द्यायची तर जे परत बोलावू शकतील त्यांनाच नव्हे, तर ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना बोलवा. पंगतीचे मोल जागेवरून ठरत नाही, तेथे कोणाला स्थान मिळाले यावरून ठरते.

दुसरा वल्हांडण

आता तारखेकडे येऊ. 'सण त्याच दिवशी झाला पाहिजे' हा आपला मोठा आग्रह असतो. गणना ग्रंथाच्या नवव्या अध्यायात एक सुंदर प्रसंग आहे. प्रेताचा स्पर्श झाल्यामुळे काही माणसांना ठरलेल्या दिवशी वल्हांडण पाळता आला नाही. त्यांनी मोशेकडे गाऱ्हाणे मांडले, मोशेने ते देवापुढे ठेवले. देवाने त्यांना आणि दूरच्या प्रवासात असलेल्यांना दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी तो सण पाळण्याची मोकळीक दिली. ज्यांना पहिल्या दिवशी जमले नाही त्यांना देवाने सणाबाहेर ठेवले नाही. मात्र जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही, आणि तरी केवळ टाळाटाळ करतो त्याची तेथे गय केलेली नाही.

आपली ख्रिस्तसभाही असेच करते. मरियेला प्रभूच्या जन्माचा निरोप मिळाल्याचा सण २५ मार्चला असतो. २०२४ साली ती तारीख पवित्र सप्ताहात आली, म्हणून तो सण ८ एप्रिलला साजरा झाला. सण पुढे गेला. त्याचा महिमा कमी झाला नाही. नाताळ आणि ईस्टर हे तर एका दिवसात मावणारे सणच नव्हेत. प्रत्येकाचा आनंद आठ दिवस साजरा करण्याची आपली उपासनेची परंपरा आहे. नाताळाच्या या आठ दिवसांतच पवित्र कुटुंबाचा सण येतो.

आपल्यातली काही मुले-मुली हॉटेलांत, इस्पितळांत, कॉल सेंटरमध्ये कामाला असतात. २५ डिसेंबरला त्यांना सुटी मिळत नाही आणि घरी त्यांची खुर्ची रिकामी राहते. त्या घरांनी कुटुंबाचे जेवण २७ किंवा २८ तारखेला ठेवले तर काय बिघडले? तोही नाताळच आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: पुढे ढकलता येते ते जेवण, मिस्सा नव्हे. २४ तारखेच्या संध्याकाळची किंवा रात्रीची मिस्सा कामावर जाणाऱ्यांनाही गाठता येते. टेबल राखून ठेवले आहे म्हणून मिस्सा चुकवणे म्हणजे उपाधीसाठी सार सोडणे होय.

१४ फेब्रुवारी

संत व्हॅलेंटाइन हे रोमचे रक्तसाक्षी. त्यांच्याविषयी खात्रीची माहिती फार थोडी, म्हणून १९६९ साली दिनदर्शिकेची फेररचना झाली तेव्हा त्यांचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला. रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत मात्र त्यांचे नाव आजही आहे. त्या दिवशी आता आपण संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचे स्मरण करतो. पती-पत्नीच्या प्रेमाचा दिवस पाळायला ख्रिस्तसभेचा विरोध नाही. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात हजारो वाग्दत्त जोडप्यांची भेट घेतली आणि 'कृपया', 'धन्यवाद' आणि 'क्षमा कर' हे तीन शब्द संसारात जपायला सांगितले. या तीन शब्दांना टेबल राखून ठेवावे लागत नाही.

२०१८ आणि २०२४ साली १४ फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार आला. २०२९ मध्येही तसेच होणार आहे. त्या दिवशी १४ वर्षांपासून पुढे सर्वांना मांसवर्ज्य आणि १८ ते ५९ वर्षे वयाच्यांना उपवास आहे. प्रेमाच्या जेवणाला आदला दिवस मोकळा असतो; राखेच्या बुधवाराला दुसरा दिवस नाही.

नाशिकरोडची बाळ येशू यात्राही फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, म्हणजे याच सुमारास येते. त्या दोन दिवसांत यात्रेला आलेल्या नातेवाइकांना वाढता वाढता घरच्या बाईची पाठ मोडते. पतीने तिला पुढच्या आठवड्यात, गर्दी ओसरल्यावर, एखाद्या साध्या ठिकाणी नेले तर १४ तारखेच्या गुलाबापेक्षा ते तिला अधिक आवडेल, असे आम्हाला वाटते.

आई आणि वाढणारे हात

'मदर्स डे' सुरू करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांनी १९०८ साली अमेरिकेतील ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ उपासना घडवून आणली. १९१४ साली त्या दिवसाला राष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे त्याचा बाजार झालेला पाहून त्याच बाई त्याविरुद्ध झगडत राहिल्या. आईला मेच्या उन्हात तासभर रांगेत उभे करून 'तुझ्यासाठीच आलो' म्हणण्यापूर्वी तिला विचारावे: आई, तुला काय हवे? कदाचित ती म्हणेल, आज तुम्ही स्वयंपाक करा आणि भांडीही घासा.

शब्बाथाची आज्ञा अनुवाद ग्रंथात आली आहे (५:१४-१५), तेथे तिचे कारण दिले आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तूही एकदा गुलाम होतास. आपली विश्रांती दुसऱ्याच्या पाठीवर उभी नसावी, हा त्याचा अर्थ. कॅथोलिक श्रद्धाग्रंथ (क्र. २१८७) हॉटेलांचा उल्लेख करूनच सांगतो की रविवारी काहींना काम करावे लागते, तरी प्रत्येकाला पुरेशी मोकळीक मिळाली पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची सुटी आणि वर्षातून आठ भरपगारी सणाच्या सुट्या यांची तरतूद आहे. आपल्यापैकी जे हॉटेल किंवा दुकान चालवतात त्यांनी आपल्या कामगाराला त्याच्या सणाची सुटी मिळते का, हे पाहावे. मग तो सण नाताळ असो, दिवाळी असो की ईद.

गिऱ्हाईक म्हणूनही आपले कर्तव्य आहे. उशीर झाला म्हणून वेटरवर ओरडू नये. भटारखाना त्याच्या हातात नसतो. बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. हा आपला हक्क आहे. पण हक्काने वाचलेल्या पैशांतून वाढणाऱ्याच्या हातावर काही ठेवणे ही आपली माणुसकी आहे. आणि घरपोच जेवण मागवले तर प्रश्न सुटला असेही नाही. ३१ डिसेंबरच्या थंडीत दुचाकीवरून ते आणणाराही कोणाचा तरी मुलगा असतो.

तर मग काय करावे?

बाहेर जेवायला हरकत नाही. पण ऐन गर्दीचाच दिवस धरायला हवा असे नाही. मिस्सा आणि प्रार्थना त्या दिवशी, मेजवानी सर्वांना जमेल त्या दिवशी. घरी जेवणार असाल तर काम वाटून घ्या, म्हणजे रांधणारी व्यक्तीही पहिल्या पंगतीत बसेल. बाहेर जाणार असाल तर ऐपत पाहा, वाढणाऱ्याचे नाव विचारा, त्याचे आभार माना. आणि दोन्ही ठिकाणी एक खुर्ची अशा कोणासाठी ठेवा, ज्याला सणाच्या दिवशी कोणीच बोलावत नाही: शेजारची एकटी आजी, परगावहून शिकायला आलेला विद्यार्थी.

कुटुंबात चर्चेसाठी

१. गेल्या नाताळाच्या जेवणात आपल्या घरातले कोण पंगतीत बसू शकले नाही, आणि का?

२. कामामुळे सण हुकणाऱ्या आपल्या माणसासाठी 'दुसरा वल्हांडण' कोणत्या दिवशी ठेवता येईल?

३. पुढच्या सणाला आपल्या टेबलाशी बोलावण्याजोगी, परत बोलावू न शकणारी व्यक्ती कोण?

काना गावच्या लग्नाला आलेला प्रभू आपल्या प्रत्येक पंगतीत येवो आणि वाढणाऱ्या प्रत्येक हाताला आशीर्वाद देवो.