घरातला कुलर : होळीनंतर करावयाची कामे



होळी झाली, गाळप आटोपत आले आणि जऊळक्यात घरोघरी माळ्यावरचा किंवा गोठ्यात ठेवलेला कुलर बाहेर निघू लागला. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश ही काही बातमी राहत नाही. या पानावर नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहिले जाते. आज घरातल्या यंत्राविषयी लिहितो. कारण विहिरीवरच्या मोटारीला आपण जितके जपतो, त्याच्या निम्मेही कुलरला जपत नाही. आणि दर उन्हाळ्यात विदर्भात कुलरचा शॉक बसून माणसे जातात. पाणी भरणाऱ्या बाया जातात, खेळता खेळता हात लावणारी लेकरे जातात.

आधी कुलर थंडावा देतो कसा, ते पाहू. आपल्या कारखान्यांत कंडेन्सरचे गरम पाणी हौदावर फवाऱ्याने उडवतात, ते पाहिले असेल. पाणी हवेत उडाले की त्यातले थोडे वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. रांजणाचेही तेच, कुलरचेही तेच. म्हणून हवा जितकी कोरडी तितका कुलर चांगला. बाहेर ४२ अंश आणि हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर बरा कुलर २९-३० अंशांची हवा देतो. तोच पावसाळा लागल्यावर, ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, जेमतेम चार अंश उतरवतो आणि अंग चिकचिकीत करतो. तेव्हा मिरग बरसला की पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा. कुलर बिघडला म्हणून मिस्त्रीला पैसे देऊ नयेत.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग.

माझ्याच घरची हकीकत सांगतो. वायरिंग जुने. त्या वेळच्या वायरमनने अर्थिंगची तार न्हाणीतल्या लोखंडी नळाला गुंडाळून दिली होती. पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळे काम भागत होते. पुढे नळ गंजला म्हणून आम्ही सगळी लाइन प्लास्टिकच्या पाइपाची करून घेतली. मोठी सुधारणा झाली असे वाटले! तार मात्र तशीच, नव्या पाइपाला बांधलेली. त्या उन्हाळ्यात घरातून आवाज आला, "अहो, कुलरला हात लावला की मुंग्या येतात." मी म्हटले, ओल असेल. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी टेस्टर लावला तर कुलरच्या पत्र्यावर दिवा लागला. पंपाची वायर टाकीच्या काठावर घासून उघडी पडली होती आणि करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. त्या चार दिवसांत कोणी ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरले असते, तर हा लेख लिहायचे मन झाले नसते.

तेव्हा आपली अर्थिंगची तार कुठे जाते ते आजच शेवटपर्यंत जाऊन पाहा. पुष्कळ घरांत ती बोर्डातच संपते. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकात तारच नसते. काही ठिकाणी कुलरला दोन पिनांचा टॉप लावून तिसरी तार छाटूनच टाकलेली असते. स्वतंत्र खड्डा घेऊन, त्यात कोळसा-मीठ भरून पाइप किंवा प्लेट पुरणे हाच खरा उपाय. आणखी एक. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्ड्यातली माती सुटते आणि ऐन कुलरच्या दिवसांत अर्थिंग दुबळे होते. उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जावे. अर्थिंग बरोबर आहे की नाही हे वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

यासोबत मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. फ्यूज किंवा एम.सी.बी. वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जीव धोक्यात येतो. एवढ्याने फ्यूज हलतही नाही. आर.सी.सी.बी. तेवढ्यावर क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असूनही मोटारीत फेज राहतो. टॉपच काढावा. आणि लाइन गेली आहे म्हणून टाकीत हात घालू नये. आपल्याकडे लाइन कधी येईल याचा नेम नाही, आणि ती नेमकी हात पाण्यात असताना येते. फायबरच्या कुलरला शॉक लागत नाही हा समजही अर्धाच खरा. बॉडीला लागणार नाही, पण पंप खराब असेल तर टाकीतल्या पाण्यात करंट येतोच.

बाकीची देखभाल सोपी आहे. गवताच्या ताट्या दर साल बदलाव्यात. बोअरच्या जड पाण्याने त्यांवर पांढरा क्षार धरतो आणि हवा अडते. पॅनला पपडी धरल्यासारखेच समजा. टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण काढून, काठ घासून, एक दिवस कोरडी ठेवावी. डेंग्यूचा डास काठाला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. कुलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. सगळे बंद करून कुलर लावला तर तीच ओली हवा फिरत राहते. मध्यम कुलर भर उन्हात तासाला ८-१० लिटर पाणी पितो, म्हणून टाकी आटू देऊ नये. कोरडा पंप जळतो.

खर्च करायचाच असेल तर कोठे करावा? माझ्या मते आधी अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. मग टिनावर किंवा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात; खोली दोन अंश तरी उतरते आणि खर्च फार नाही. जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीमुळे याची गरज नव्हती. त्यानंतर गवताऐवजी पुठ्ठ्यासारख्या जाळीचे हनीकोंब पॅड. पाणी बरे असेल तर तीन-चार साल चालतात. ए.सी.चा विचार शेवटी. दीड टनी ए.सी. तासाला सव्वा-दीड युनिट खातो, तेवढ्यात कुलर सहा-सात तास चालतो.

कुलर खाली काढलाच आहे तर टॉप लावण्याआधी पंपाची वायर टाकीच्या काठावरून कशी जाते ते बघून घ्या. तिथे रबरी नळीचा तुकडा चढवायला पाच मिनिटे लागतात.