थोड्या भांडवलात स्वतःची मालमोटार

दुसऱ्याची मालमोटार वर्षानुवर्षे चालविणाऱ्या आपल्या पुष्कळ तरुणांना स्वतःच्या गाडीची आस असते. भांडवल थोडे असल्यास आरंभ लहान गाडीने करावा. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असणाऱ्या मालवाहू गाडीस १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये परमिट लागत नाही. नोंदणी, विमा व योग्यता-प्रमाणपत्र मात्र हवेच.

कर्ज काढण्यापूर्वी एका फेरीचा हिशेब मांडावा. समजा, इंदूरहून धुळ्यास माल पोचविण्याचे ८,००० रुपये मिळाले आणि जाण्यायेण्याचे डिझेल व पथकर मिळून ५,५०० झाले. उरलेले २,५०० ही सर्व मिळकत नव्हे. त्यातून टायर, विमा व दुरुस्ती यांचा वाटा प्रथम बाजूस काढावा, मग हप्ता, आणि शेवटी घरखर्च. गाडी रिकामी परत येऊ नये म्हणून परतीचा माल निघण्यापूर्वीच ठरवावा.

हप्ता तुंबला की जादा भार भरण्याचा मोह होतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास आणखी २,००० असा दंड ठरविला आहे. म्हणजे वरच्या हिशेबाने आठ फेऱ्यांची शिल्लक एका नाक्यावर संपते. शिवाय जिवास धोका तो वेगळाच.

मोठी गाडी पुढे घेता येईल. पहिलीचे कर्ज फिटेपर्यंत धीर धरावा. मग गाडी खऱ्या अर्थाने आपली होते.